फ्लेक्सवरचे 'टॉप 2 टक्के शास्त्रज्ञ': इम्युनॉलॉजीतल्या संशोधकाचे पेपर आणि सायटेशन कसे वाचायचे?

पावसाळा सरता सरता पुण्यात गणपती-नवरात्राच्या फ्लेक्सशेजारी आणखी एक फ्लेक्स दिसायला लागतो. कॉलेजच्या गेटवर टांगलेला. 'जगातील टॉप 2 टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आमच्या प्राध्यापकांची निवड, स्टॅनफोर्ड विद्यापीठाकडून गौरव.' खाली प्राध्यापकांचा फोटो, वर संस्थाचालकांचा त्याहून मोठा. दोन दिवसांत तोच फोटो इन्स्टाग्रामवर आणि फॅमिली ग्रुपवर येतो. खाली टाळ्या आणि हात जोडल्याचे इमोजी.

कौतुक करायला हरकत नाही. पण त्या 2 टक्क्यांमागे काय मोजलंय, हे फ्लेक्स छापणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

हा प्रश्न फक्त कॉलेजच्या गेटपुरता राहिलेला नाही. कोविडच्या काळात 'इम्युनॉलॉजिस्ट' हा शब्द घराघरात पोचला. टीव्हीवर, यूट्यूबवर, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी लसीबद्दल बोलत होतं आणि त्यांच्या नावाआधी ओळख जोडलेली होती: 'यांचे 300 पेपर आहेत', 'यांना हजारो सायटेशन आहेत'. ऐकणाऱ्याने मान डोलावली. एवढे पेपर आहेत म्हणजे बरोबरच असणार.

खरंच असणार का? संशोधकाच्या पेपरांचा आणि सायटेशनचा हिशोब काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या विज्ञानाच्या उदाहरणांवरून बघू. बरीचशी उदाहरणं पुण्यातलीच आहेत.

आधी त्या यादीचं बघू

ही यादी स्टॅनफोर्ड विद्यापीठ देत नाही. स्टॅनफोर्डमधले प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी ती बनवतात, एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस डेटाबेसमधून. त्याबद्दलचा पहिला लेख 2019 साली 'प्लॉस बायॉलॉजी'मध्ये आला आणि आता यादी साधारण दरवर्षी नवी होते. कोणी अर्ज करत नाही, कोणी निवड समिती बसत नाही. डेटाबेसवर एक गणित चालवलं जातं आणि त्यातून एक्सेल फाइल बाहेर पडते. त्यामुळे 'निवड' आणि 'गौरव' हे दोन्ही शब्द आपल्याकडचे.

गणित मात्र बऱ्यापैकी विचार करून केलेलं आहे. नुसती एकूण सायटेशन घेतलेली नाहीत, सहा गोष्टी एकत्र केल्या आहेत. एकट्याने लिहिलेले पेपर, पहिलं नाव असलेले पेपर आणि शेवटचं नाव असलेले पेपर यांना वेगळं वजन आहे. सगळं विज्ञान 174 उपविषयांत विभागलंय आणि 'टॉप 2 टक्के' हे त्या त्या उपविषयातले. इम्युनॉलॉजी हा त्यातला एक. शिवाय याद्या दोन असतात, एक पूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाच्या सायटेशनची. फ्लेक्सवर सहसा यातली कुठली ते लिहिलेलं नसतं.

एक गंमत सांगायची तर याच आयोआनिडिस यांचा सगळ्यात गाजलेला लेख 2005 सालचा आहे आणि त्याचा विषय आहे, छापून आलेले बहुतेक संशोधन-निष्कर्ष चुकीचे का असतात.

सायटेशन म्हणजे नेमकं काय?

शास्त्रज्ञ नवा पेपर लिहितो तेव्हा आधी कोणी काय केलं होतं त्याचा उल्लेख करतो आणि शेवटी त्या पेपरांची यादी जोडतो. तुमचा पेपर दुसऱ्या कोणाच्या यादीत आला की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. बस, एवढंच. त्याने तुमचं कौतुक केलं, तुमची पद्धत वापरली, तुमची चूक काढली किंवा सगळे देतात म्हणून न वाचताच नाव दिलं, तरी मोजताना एक म्हणजे एक.

हे मोजायची कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांची. 1955 साली त्यांनी ती मांडली आणि 1960च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला. मूळ हेतू साधा होता: एखाद्या जुन्या पेपरचं पुढे काय झालं, ते शोधता यावं. जर्नलचा 'इम्पॅक्ट फॅक्टर'ही त्यांच्याच कामातून आला. समजा एका जर्नलने 2023 आणि 2024 मध्ये मिळून 200 लेख छापले आणि त्या लेखांना 2025 मध्ये 600 सायटेशन मिळाली, तर 2025 चा इम्पॅक्ट फॅक्टर 3. ग्रंथालयाने कुठली जर्नल घ्यावीत हे ठरवायला तो उपयोगी होता. पुढे त्याच्यावर माणसांच्या नोकऱ्या ठरायला लागल्या. 200 पैकी 10 लेखांनीच सगळी सायटेशन ओढून आणली असली, तरी उरलेल्या 190 जणांच्या बायोडेटावरही तोच 3 झळकतो. हे थांबवा, म्हणून 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोत संपादक आणि शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला. तो 'डोरा' नावाने ओळखला जातो.

माणसाला मोजायचा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. तो जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवला. एका संशोधकाचे पाच पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन 40, 22, 9, 4 आणि 3 अशी आहेत. उतरत्या क्रमाने मोजत जा. चौथ्या पेपरला निदान 4 आहेत, पाचव्याला 5 नाहीत. मग एच-इंडेक्स 4. आता पहिल्या पेपरला 40 ऐवजी 40 हजार सायटेशन मिळाली तरी एच-इंडेक्स 4च राहतो. म्हणजे आयुष्यात एकच जबरदस्त शोध लावणारा माणूस या मोजपट्टीवर बुटका, आणि दरवर्षी चार बरे पेपर काढणारा उंच. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधीच होत नाही. त्यामुळे साठीतल्या प्राध्यापकाशी तिशीतल्या संशोधकाची तुलना यावरून करणं म्हणजे आजोबांची आणि नातवाची एफडी शेजारी ठेवून बघणं.

विद्यापीठाच्या आवारातला एक पेपर

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, सगळे त्याला एनसीसीएस म्हणतात. 2004 मध्ये तिथल्या प्रयोगशाळेतून 'नेचर मेडिसिन'मध्ये एक पेपर आला. विषय होता काळा आजार घडवणाऱ्या परजीवीच्या कुळाचा, म्हणजे लेशमॅनियाचा. हा परजीवी बेरका आहे. जंतू गिळून मारणं हे ज्या भक्षक पेशींचं काम, त्यांच्यातच तो घर करतो.

या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-40 नावाचा एक रेणू असतो. टी-पेशी त्याला हात लावून भक्षक पेशीला 'उठ, लढ' असा निरोप देतात. पुण्याच्या गटाला दिसलं ते असं की एकाच बटणातून दोन उलटे निरोप जाऊ शकतात. बटण जोरात दाबलं गेलं तर पी-38 नावाच्या वाटेने संदेश जातो, इंटरल्युकिन-12 तयार होतं आणि परजीवी मारला जातो. हळू दाबलं गेलं तर ईआरके नावाची दुसरी वाट उघडते, इंटरल्युकिन-10 तयार होतं आणि लढाई थंडावते. लेशमॅनिया या दुसऱ्या वाटेचा फायदा उठवतो.

या पेपरवर पाच नावं आहेत. पहिलं आर. के. माथुर, शेवटचं भास्कर साहा. जीवशास्त्रात नावांचा क्रम हा लग्नपत्रिकेतल्या क्रमासारखा असतो, उगाच लावलेला नसतो. पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं, बहुतेकदा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं. शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं: कल्पना, पैसा आणि जबाबदारी त्याची. मधली नावं मदतीची. एखाद्या संशोधकाचे 300 पेपर आहेत असं कळलं, तर त्यातल्या कितींवर नाव पहिलं किंवा शेवटचं आहे ते बघायचं. 60 जणांच्या यादीत 34 वं नाव असलेला पेपर आणि असा पाच जणांचा पेपर, आकड्यात दोन्ही एकेकच धरले जातात.

'पाटील एस.' म्हणजे नक्की कोण?

हा भाग इंग्रजी लेखांत फारसा सापडत नाही, कारण ही आपली अडचण आहे.

डेटाबेसमध्ये नाव आडनाव आणि आद्याक्षरांनी बसतं. 'पाटील एस.', 'कुलकर्णी ए.', 'जोशी पी.' एकट्या पुण्यात या नावांचे किती संशोधक असतील? गूगल स्कॉलरवर प्रोफाइल बनवलं की ते आपोआप पेपर शोधून त्यात टाकतं आणि भलत्याच कुलकर्णींचे पेपर तुमच्या खात्यावर जमा होतात. ज्याला काढायचे तो काढतो. ज्याला राहू द्यायचे त्याचा एच-इंडेक्स वाढतो. हे मुद्दाम केलंय की आळसाने राहिलंय, हे बाहेरून कळत नाही. पण इम्युनॉलॉजीच्या माणसाच्या खात्यावर काँक्रीटच्या ताकदीवरचा पेपर दिसला, तर काय झालंय ते समजून घ्यायचं.

बायकांच्या बाबतीत उलटं होतं. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. म्हणजे तीनही आद्याक्षरं बदलली. पीएचडीचे पेपर एका बाईच्या नावावर, नंतरचे दुसऱ्याच बाईच्या. डेटाबेसच्या लेखी एका संशोधिकेच्या दोन अर्ध्या-अर्ध्या कारकिर्दी. म्हणून कित्येकजणी पेपरपुरतं माहेरचं नाव कायम ठेवतात किंवा दोन्ही आडनावं जोडून लिहितात. 2012 पासून ऑर्किड नावाचा 16 अंकी ओळख क्रमांक मिळतो, फुकट. संशोधकांचं आधार कार्डच म्हणा. तो असेल तर नाव कितीही बदललं तरी पेपर एका जागी राहतात.

कोणाची तुलना कोणाशी?

पुण्यातच दोन ठिकाणं घ्या. एनसीसीएसमध्ये रोगप्रतिकारक पेशींवर काम चालतं आणि आगरकर संशोधन संस्थेत इतर अनेक विषयांबरोबर वनस्पतींच्या वर्गीकरणावरही. सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर वनस्पतीची नवी जात सापडली, तर ती नोंदवायला वर्षानुवर्षांची पायपीट लागते. पण तो पेपर सायटेट करणार कोण? त्या कुळावर काम करणारे जगात मूठभर लोक असतात. इम्युनॉलॉजीत मात्र कॅन्सरवाले, लसवाले, मधुमेहवाले आणि औषध कंपन्या सगळेच गर्दी करून आहेत. गर्दीच्या विषयात सायटेशन आपोआप जास्त. त्यामुळे कॉलेजच्या समितीने दोघांना एकाच आकड्याने मोजलं, तर वनस्पतीवाल्यावर अन्याय ठरलेला.

इम्युनॉलॉजीच्या आतही हेच चालतं. पेशी जिवंत आहेत का, हे रंगावरून मोजायची एक पद्धत आहे, एमटीटी. 1983 साली टिम मॉसमन यांनी ती 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजिकल मेथड्स'मध्ये दिली. जीवशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत ती वापरतात, त्यामुळे त्या पेपरला हजारोंनी सायटेशन आहेत. पद्धतीचा पेपर म्हणजे स्वयंपाकघरातला कुकर, रोज लागतो. रिव्ह्यू लेखांचंही तसंच. स्वतः एकही प्रयोग न करता आधीच्या शंभर पेपरांचं सार लिहिलं की पुढचे लोक शंभर पेपरांऐवजी ते एकच सायटेट करतात. ही कामं उपयोगाची आहेत, पण नव्या शोधाशी त्यांची बरोबरी लावताना सांभाळून.

दोन पानं, 1952

आता आकड्यात न मावणाऱ्या कामाचं उदाहरण. त्यासाठी पुण्याहून मुंबईला जावं लागेल.

1952 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक छोटा पेपर आला, पानं 903 आणि 904. पहिलं नाव वाय. एम. भेंडे, पुढे सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया, आणि त्यांच्याबरोबर लंडनचे रक्तगटतज्ज्ञ. मुंबईत असं रक्त सापडलं होतं, जे नेहमीच्या तपासणीत ओ गटासारखं दिसत होतं पण ओ गटाच्याच रक्ताशी जुळत नव्हतं.

कारण असं. ए आणि बी हे प्रतिजन 'एच' नावाच्या पायावर उभे असतात. ओ गटाच्या माणसात ए-बी नसतात, पण एच असतो. या लोकांमध्ये एचच नव्हता. त्यामुळे त्यांच्या शरीरात एचच्या विरुद्धच्या प्रतिपिंडांचा साठा होता आणि त्यांना ओ गटाचं रक्त देणंही जीवघेणं होतं. जगाला सार्वत्रिक दाता म्हणून माहीत असलेला ओ गट त्यांच्यासाठी विष. हाच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. भारतात साधारण 10 हजारांत एकाचा.

प्रतिजन आणि प्रतिपिंड यांचा खेळ, म्हणजे शुद्ध इम्युनॉलॉजी. आज जगातल्या कुठल्याही रक्तपेढीत काम करणाऱ्याला बॉम्बे गट शिकवला जातो. पण आता कोणी 'बॉम्बे फिनोटाइप' असं लिहिलं, की त्यापुढे 1952 च्या पेपरचा उल्लेख करायलाच हवा असं कोणाला वाटत नाही. गुरुत्वाकर्षण म्हटल्यावर दर वेळी न्यूटनचा संदर्भ कोण देतं? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हा प्रकार ओळखून त्याला नावही दिलं होतं: शोध ज्ञानात इतका मुरतो की शोधणाऱ्याचं नाव पुसलं जातं. सायटेशनच्या आकड्यात हे यश दिसत नाही, उलट तोटा म्हणून दिसतं.

पुण्यातलं अलीकडचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. 2020 साली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, भारतातल्या रुग्णांच्या नमुन्यांतून कोरोनाचा विषाणू वेगळा काढून वाढवला. ही बातमी कुठल्या बड्या परदेशी जर्नलमध्ये नाही, तर 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या आयसीएमआरच्या घरच्या जर्नलमध्ये आली. एनआयव्हीने वेगळा काढलेला विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेककडे गेला आणि त्यापासून कोव्हॅक्सिन झाली. 3 जानेवारी 2021 ला तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. माकडांवरच्या चाचणीचा पेपर मात्र 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आला, प्रज्ञा यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. बायोडेटावर दुसरा पेपर जास्त चमकतो. पण पहिल्यातला विषाणू हाती आला नसता तर दुसरा झालाच नसता, आणि दंडात टोचून घेतलेल्या त्या लसीला सायटेशन म्हणून कोणी मोजत नाही.

जास्त सायटेशन, पण कशासाठी?

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे.

1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला. फक्त 12 मुलांवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध असल्याची शंका पेरली होती. पुढे त्यातली लबाडी उघड झाली आणि 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. 2019 च्या एका अभ्यासात या पेपरचा उल्लेख करणारे 1,153 लेख तपासले गेले. त्यातल्या 838 लेखांनी, म्हणजे जवळपास 73 टक्क्यांनी, तो खोडून काढण्यासाठीच नाव घेतलं होतं. मोजताना ते सगळं वेकफिल्ड यांच्याच खात्यावर जमा.

कोविडमधलं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आठवतंय? मार्च 2020 मध्ये फ्रान्सच्या मार्सेयमधून 36 रुग्णांचा एक पेपर आला आणि औषध गुणकारी असल्याचा बोभाटा झाला. मुख्य नाव दिदिए राऊल्त यांचं, पेपरांची प्रचंड संख्या असलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. 'एवढा मोठा माणूस सांगतोय' हा युक्तिवाद तेव्हा जगभर चालला. त्याच महिन्यात आपल्याकडेही आरोग्य कर्मचाऱ्यांना ती गोळी प्रतिबंधक म्हणून घ्यायचा सल्ला दिला गेला आणि केमिस्टकडे ती मिळेनाशी झाली. संधिवाताचे आणि ल्युपसचे जे रुग्ण ही गोळी रोज घेतात, त्यांनी काय करायचं? तो पेपर डिसेंबर 2024 मध्ये मागे घेतला गेला. तोवर त्याला हजारो सायटेशन मिळून गेली होती.

म्हणजे राऊल्त यांचे आधीचे पेपर खोटे, असा अर्थ नाही. त्यांच्या आधीच्या सायटेशनवरून या 36 रुग्णांच्या पेपरबद्दल काहीच ठरत नव्हतं, एवढाच अर्थ.

पुणे विद्यापीठाने जर्नलांची झडती घेतली तेव्हा

इथे पुण्याचा वाटा मोठा आहे आणि तो म्हणावा तितका कोणाला माहीत नाही.

2010 पासून यूजीसीने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. पेपर छापला की गुण. पीएचडीचा प्रबंध देण्याआधीही निदान एक पेपर सक्तीचा होता. आता खेड्यातल्या सीनिअर कॉलेजचा विचार करा. आठवड्याला ढीगभर तास, प्रयोगशाळेत धड पाणी नाही, आणि बढती हवी तर पेपर हवा. गरज निर्माण झाली की दुकान उघडतंच. 'पैसे भरा, आठ दिवसांत छापतो' म्हणणारी जर्नलं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. हैदराबादची ओमिक्स ही त्यातली सगळ्यात बदनाम. अमेरिकेतल्या कोर्टाने 2019 मध्ये तिला 5 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला.

यावर उपाय म्हणून यूजीसीने 2017 मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. त्यात 30 हजारांहून जास्त नावं होती. विद्यापीठांनी शिफारस केलेली जर्नलंही त्यात होती आणि घोटाळा तिथेच झाला.

तेव्हा पुणे विद्यापीठात असलेले प्रा. भूषण पटवर्धन यांनी ही यादी तपासायला घेतली. आयुर्वेदिक वनस्पतींचा प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम हा त्यांच्या स्वतःच्या संशोधनाचा एक विषय. सोबत ग्रंथालयशास्त्राच्या शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि इतर. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या 5,699 जर्नलांपैकी 1,336 त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये आधीच असलेली वगळून 1,009 उरली आणि मग एकेक तपासली. पत्ता आहे का? संपादक कोण? नंबर खरा आहे का? 34.5 टक्के जर्नलांची मूलभूत माहितीच चुकीची किंवा गायब निघाली. आणखी 52.3 टक्क्यांनी खोटी माहिती दिली होती: चुकीचा आयएसएसएन क्रमांक, मनाचा इम्पॅक्ट फॅक्टर. निष्कर्ष असा की या गटातली 88 टक्क्यांहून जास्त जर्नलं सुमार असू शकतात. मार्च 2018 मध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. मे महिन्यात यूजीसीने 4,305 जर्नलं यादीतून काढून टाकली.

यातल्या प्रत्येक जर्नलमागे पेपर होते, पेपरमागे माणसं, आणि माणसांच्या बढत्या. त्यातली काही फसलेली, काही समजून-उमजून गेलेली. फसलेल्यांबद्दल मला जास्त वाईट वाटतं. गाईडने सांगितलं म्हणून स्टायपेंडमधून पैसे भरणारी मुलं त्यात होती.

पुढे 2019 मध्ये यूजीसी-केअर नावाची नवी यादी आली आणि तिचं कामही पुणे विद्यापीठातूनच चाललं. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना प्रकाशनातल्या नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. 2022 च्या नव्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापायची सक्तीच गेली. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादी बंद करत असल्याचं यूजीसीने जाहीर केलं. कुठलं जर्नल चांगलं ते आता ज्या त्या विद्यापीठाने आणि कॉलेजने ठरवायचं, यूजीसी फक्त निकष सुचवणार. म्हणजे ज्या विद्यापीठांच्या शिफारशींमुळे 2017 ची यादी बिघडली होती, तपासणी परत त्यांच्याच हातात आली आहे.

प्रोफाइल उघडल्यावर काय बघायचं

समजा तुम्हाला इम्युनॉलॉजीत पीएचडीसाठी गाईड निवडायचाय, किंवा कोणी 'प्रख्यात इम्युनॉलॉजिस्ट' रीलमध्ये प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर विकतोय. गूगल स्कॉलरवर नाव टाका. उजवीकडे एकूण सायटेशन, एच-इंडेक्स आणि वर्षांचे उभे खांब दिसतील. ते सोडून डावीकडच्या यादीत या. वरचे पाच पेपर उघडा. नाव कुठे आहे? पेपर प्रयोगाचा आहे, पद्धतीचा की रिव्ह्यू? एका वर्षी अचानक 40 पेपर आलेत का? मग सायटेशनच्या आकड्यावर क्लिक करा. कोणकोण उल्लेख करतंय त्याची यादी उघडते. त्यात पुन्हा पुन्हा तीच चार नावं फिरत असतील, तर तो आपापसातला भिशीचा प्रकार आहे. स्वतःचा जुना पेपर सायटेट करण्यात गैर काही नाही, पुढचं काम मागच्यावरच उभं राहतं. पण निम्म्याहून जास्त सायटेशन घरचीच असतील तर विचारायला हवं. पबमेडवर तोच पेपर शोधला तर मागे घेतला गेला असल्यास वरच तशी सूचना दिसते.

पावडरवाल्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी बघा: त्याचे पेपर त्या पावडरीवर आहेत का? बहुतेक वेळा शोध इथेच संपतो.

आणि फ्लेक्सवरच्या यादीची मूळ एक्सेल फाइल कोणालाही फुकट डाउनलोड करता येते. नाव शोधा आणि रांगेत उजवीकडे जात राहा. स्वतःची सायटेशन धरून आणि वगळून, असे दोन्ही क्रमांक त्यात दिलेले असतात. स्वतःचीच सायटेशन किती टक्के, त्याचा वेगळा रकाना आहे. 2024 पासून आणखी एक रकाना आलाय: या शास्त्रज्ञाचे किती पेपर मागे घेतले गेले.